अर्जदार कोण? : परदेशातील तात्पुरत्या नोकरीचा व्हिसा आणि आपली कुटुंबे



३१ मे १८९३ रोजी स्वामी विवेकानंद मुंबईच्या बंदरातून अमेरिकेकडे निघाले, तेव्हा त्यांच्याजवळ व्हिसा नव्हता. तो घ्यावा लागत नव्हता, म्हणून नव्हता. व्हिसाची सार्वत्रिक सक्ती जगात पहिल्या महायुद्धाच्या काळात आली. तरीही शिकागोला पोहोचल्यावर स्वामीजींचे पाऊल एका कागदावाचून अडलेच. सर्वधर्म परिषदेत बोलायचे तर कोणा मान्यताप्राप्त संस्थेचे अधिकृत परिचयपत्र हवे होते, आणि प्रतिनिधींच्या नोंदणीची मुदतही उलटून गेली होती. हार्वर्ड विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट यांनी स्वामीजींशी प्रत्यक्ष संवाद केला, त्यांची योग्यता ओळखली आणि आयोजकांना पत्र लिहिले. त्यानंतर ते दार उघडले.

या प्रसंगाकडे आपण नेहमी श्रद्धेने पाहतो. आज त्याकडे व्यवहाराच्या दृष्टीने पाहू. परक्या भूमीवर आपली योग्यता आपल्याला कितीही ठाऊक असली, तरी त्या भूमीवरील कोणीतरी आपल्यासाठी शब्द टाकावा लागतो. तो शब्द टाकणारा कोण आहे, तो खरे सांगतो आहे का आणि त्याबदल्यात तो काय मागतो आहे, या तीन प्रश्नांवर पुढचे सारे अवलंबून असते. अमेरिकेतील तात्पुरत्या नोकरीच्या 'एच-१बी' व्हिसाचा विचार याच तीन प्रश्नांच्या आधारे करायचा आहे. आज पुणे, नाशिक, नागपूरच काय, पण सांगली-सोलापूरकडील मध्यमवर्गीय घरांतही या व्हिसाची चर्चा जेवणाच्या पानावर होते. चर्चा पुष्कळ होते. त्याची माहिती मात्र थोड्यांनाच असते.

दार कधी बंद, कधी किलकिले

अमेरिकेचे दार आपल्यासाठी सदैव उघडे होते, हा एक गोड गैरसमज आहे. १९१७ च्या कायद्याने आशिया खंडाचा मोठा भाग 'प्रतिबंधित क्षेत्र' ठरवला गेला आणि हिंदुस्थान त्यात होता. भगतसिंग थिंड हे शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांना मिळालेले नागरिकत्व १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले. ते कायद्याच्या अर्थाने 'गोरे' नाहीत, एवढेच कारण त्यासाठी पुरेसे ठरले. अमेरिकेत त्या काळी हिंदुस्थानातून आलेल्या प्रत्येकाला 'हिंदू'च म्हणत. मग तो शीख असो वा मुसलमान. १९४६ मध्ये ल्यूस-सेलर कायदा झाला, तेव्हा वर्षाला अवघ्या १०० भारतीयांना स्थायिक होण्यासाठी प्रवेश मिळू लागला. वंशाधारित कोट्याची ही व्यवस्था मोडली ती १९६५ च्या कायद्याने.

एच-१बी ही वर्गवारी निर्माण झाली १९९० च्या कायद्याने. वर्षाला ६५ हजार ही मर्यादा तेव्हाच ठरली. पुढे संगणक उद्योगाला माणसांची निकड भासली, तेव्हा १९९८ च्या कायद्याने ही मर्यादा १ लाख १५ हजार आणि २००० च्या कायद्याने १ लाख ९५ हजार केली. ती निकड ओसरताच २००४ च्या वर्षापासून मर्यादा पुन्हा ६५ हजारांवर आली. अमेरिकी विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी २० हजारांची वेगळी भर त्यानंतर पडली. विद्यापीठे आणि त्यांच्याशी संलग्न संशोधनसंस्था या मर्यादेबाहेर आहेत.

या चढउतारांतून एक बोध घेतला पाहिजे. हे दार त्या देशाच्या गरजेनुसार उघडते आणि त्याच्याच गरजेनुसार लोटले जाते. त्यात रागावण्यासारखे काही नाही. प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला आपल्या उंबरठ्यावर कोणाला घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार आहे. आपण आपल्या देशासाठी तोच अधिकार हक्काने सांगतो. मात्र आयुष्याची उभारणी दुसऱ्याच्या उंबरठ्यावर करायची असेल, तर त्या उंबरठ्याची उंची आधी मोजून घ्यावी, एवढे शहाणपण आपल्या घरी असले पाहिजे.

पाच दारे

समजा, सांगलीकडचा एक अभियंता अमेरिकेत नोकरी करू इच्छितो. 'मुलाने एच-१बीसाठी अर्ज केला आहे,' असे त्याचे आई-वडील अभिमानाने सांगतात. हे वाक्यच मुळात चुकीचे आहे. एच-१बीसाठी मुलगा अर्ज करूच शकत नाही. अर्ज करतो तो अमेरिकेतील मालक. कायद्याच्या भाषेत मुलगा हा केवळ 'लाभार्थी' असतो.

पहिले दार नोंदणीचे. अमेरिकी शासनाचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. त्यासाठी मार्च महिन्यात मालकाने इच्छुकाचे नाव संगणकीय पद्धतीने नोंदवायचे असते. ही पद्धत २०२० मध्ये आली. मर्यादेपेक्षा नावे अधिक झाली की सोडत निघते. २०२५ च्या मार्चमध्ये ३ लाख ४३ हजार ९८१ पात्र नोंदण्या झाल्या आणि त्यातून १ लाख २० हजार १४१ निवडल्या गेल्या; म्हणजे तिघांपैकी जेमतेम एकाला पुढचा रस्ता मोकळा झाला. ही सोडत आता सरळ राहिलेली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमानुसार वेतनाच्या चार पातळ्यांप्रमाणे निवडीची संधी कमी-अधिक ठेवली आहे. वरच्या पातळीच्या वेतनाला चारपट संधी आणि तळच्या पातळीला एकच, असा त्याचा अर्थ. नुकत्याच बाहेर पडलेल्या पदवीधराने हे विशेष लक्षात घ्यावे.

दुसरे दार अमेरिकेच्या श्रम खात्याचे. तेथे मालकाला 'लेबर कंडिशन अॅप्लिकेशन' नावाचा अर्ज द्यावा लागतो. त्यात तो चार गोष्टींची हमी देतो. या कामासाठी त्या भागात जे प्रचलित वेतन आहे ते, किंवा आपल्याच इतर कर्मचाऱ्यांना तो देतो ते, यांपैकी जे अधिक असेल ते देऊ. स्थानिक कामगारांच्या परिस्थितीला बाधा येऊ देणार नाही. त्या जागी संप वा टाळेबंदी चालू नाही. आणि या अर्जाची सूचना कामाच्या ठिकाणी दिली आहे.

तिसरे दार नागरिकत्व आणि स्थलांतर सेवा विभागाचे. 'आय-१२९' हा मुख्य अर्ज येथे जातो आणि तोही मालकाच्याच सहीने. काम विशिष्ट शाखेतील पदवीची गरज असणारे आहे आणि उमेदवाराकडे ती पदवी आहे, हे येथे सिद्ध करावे लागते. आपली तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. तेथील चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची धरली जात नाही. शिक्षणाचे एक वर्ष भरून काढायला संबंधित कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. खोट्या अनुभवपत्रांचा बाजार नेमका येथेच भरतो. त्याविषयी पुढे बोलू.

चौथे दार वकिलातीचे. येथे मात्र अर्जदार स्वतः उमेदवार असतो. 'डीएस-१६०' हा अर्ज त्याने स्वतः भरायचा, बोटांचे ठसे द्यायचे आणि मुंबईकरांनी वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखतीला उभे राहायचे. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बीच्या अर्जदारांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची समाजमाध्यमांवरील खातीही तपासली जाऊ लागली. त्यामुळे त्या महिन्यातील कित्येक मुलाखती पुढच्या वर्षावर गेल्या आणि सुट्टीवर आलेली माणसे येथेच अडकून पडली.

पाचवे दार विमानतळावरचे. व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. तो दार ठोठावण्याचा परवाना आहे. आत घ्यायचे की नाही आणि कोणत्या तारखेपर्यंत राहू द्यायचे, हे तेथील अधिकारी ठरवतो आणि ती तारीख 'आय-९४' या नोंदीत असते. पारपत्रावरील व्हिसाची तारीख आणि वास्तव्याची तारीख एकच, असे समजून अनेक सुशिक्षित लोक फसले आहेत.

जे मागता येत नाही आणि जे मागितलेच पाहिजे

पाचांपैकी तीन दारांत मालक अर्जदार आहे, हे एकदा उमगले की पैशाचा हिशेबही उलगडतो. नोंदणीचे शुल्क, मुख्य अर्जाचे शुल्क, त्यासाठीच्या वकिलाचा मोबदला हा मालकाच्या धंद्याचा खर्च आहे. प्रशिक्षणनिधीसाठी आकारले जाणारे ७५० किंवा १,५०० डॉलरचे शुल्क तर कर्मचाऱ्याकडून कोणत्याही मार्गाने वसूल करण्यास कायद्याने बंदी आहे. वकिलातीचे व्हिसाशुल्क उमेदवाराने भरणे वेगळे. परंतु 'एच-१बी करून देतो, इतके लाख ठेवा' असे म्हणणारा मध्यस्थ भेटला, तर त्याच क्षणी त्याच्या दारातून परत फिरावे. जो मालक नियम मोडून आपल्याकडून पैसे घेतो, तो उद्या नियमाप्रमाणे वेतन देईल ही आशा भाबडी आहे.

कायद्याने कर्मचाऱ्याला आणखीही काही दिले आहे. श्रम खात्याकडे केलेल्या त्या अर्जाची प्रत कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत त्याच्या हाती पडली पाहिजे. अमेरिकेत प्रवेश केल्यापासून फार तर ३० दिवसांत वेतन सुरू झाले पाहिजे. मालकाकडे काम नाही म्हणून माणसाला घरी बसवून ठेवायचे आणि वेतन द्यायचे नाही, ही तेथील आपल्या मंडळींच्या बोलीत 'बेंच'वर ठेवण्याची प्रथा बेकायदा आहे. मुदतीपूर्वी मालकानेच काढून टाकले, तर मायदेशी परतण्याचा रास्त खर्च त्याने द्यायचा असतो. तक्रार श्रम खात्याच्या 'वेज अँड अवर' विभागाकडे १२ महिन्यांच्या आत करता येते. इतकी तरतूद असूनही आपली मुले मुकाट्याने सोसतात, कारण नोकरी गेली तर राहण्याचा आधारच जातो, ही भीती त्यांच्या मनात असते.

ती भीती निराधार नाही. जानेवारी २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते; मंजूर वास्तव्याची मुदत आधी संपत असेल तर त्याहूनही कमी. तेवढ्यात दुसरा मालक शोधायचा, किंवा घर, गाडी, मुलांची शाळा आवरून निघायचे. २०२२-२३ मध्ये मोठ्या संगणक कंपन्यांनी कर्मचारी कमी केले, तेव्हा हे ६० दिवस किती लवकर सरतात याचा अनुभव अनेक भारतीय घरांनी घेतला. आणि १९ सप्टेंबर २०२५ रोजी नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची आकारणी करणारी अध्यक्षीय घोषणा झाली, तेव्हा ती कोणाला लागू हे स्पष्ट होईपर्यंतच्या काही तासांत सुट्टीवर आलेल्या माणसांनी मिळेल त्या विमानाने परतीचा रस्ता धरला. ती आकारणी जुन्या व्हिसाधारकांना नाही, असा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. घोषणा १२ महिन्यांसाठी होती. अर्ज करण्याच्या दिवशी कोणता नियम लागू आहे, हे अधिकृत ठिकाणी पाहूनच पुढे जावे, हा त्यातला धडा.

'तात्पुरता' या शब्दाचा अर्थ

या व्हिसाची मुदत तीन वर्षे, वाढवून सहा. त्यापुढे राहायचे तर कायम वास्तव्याच्या परवान्याचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज मार्गी लागलेला असावा लागतो. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे दिली जातात आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांपैकी साधारण ७ टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. भारतासारख्या विशाल देशाला आणि एखाद्या चिमुकल्या बेटाला मर्यादा एकच. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांत सत्तर टक्क्यांच्या आसपास भारतीयच असतात. म्हणजे आत येताना रुंद असलेली रांग पुढच्या दाराशी सुईच्या नेढ्याएवढी होते. त्या रांगेत माणसे दशकानुदशके उभी आहेत.

याची झळ एकट्या नोकरदाराला लागत नाही. त्याच्या पत्नीला किंवा पतीला 'एच-४' या अवलंबिताच्या दर्जावर राहावे लागते. २०१५ पासून काहींना कामाची परवानगी मिळू लागली, पण तीही जोडीदाराच्या ग्रीन कार्डाचा अर्ज विशिष्ट टप्प्यावर पोहोचल्यावर. तोवर येथे शिक्षिका, डॉक्टर, अभियंता असलेली स्त्री तेथे घरात बसून असते. लहानपणी नेलेले मूल २१ वर्षांचे झाले की अवलंबित राहत नाही. ज्या देशात ते वाढले, त्याच देशात राहण्यासाठी त्याला स्वतःचा वेगळा परवाना शोधावा लागतो. लग्न ठरवताना 'मुलगा अमेरिकेत आहे' एवढे ऐकून हुरळून जाणाऱ्या वधूपित्यांनी व्हिसा कोणता, कितव्या वर्षात, पुढे काय, हे तीन प्रश्न संकोच न बाळगता विचारावेत.

आणखी एक हिशेब आहे, तो राष्ट्राचा. एच-१बीवरील प्रत्येक भारतीयाच्या वेतनातून तेथील सामाजिक सुरक्षा योजनेसाठी ६.२ टक्के कापले जातात आणि मालक तेवढेच भरतो. त्या योजनेचे निवृत्तिवेतन मिळायला साधारण १० वर्षांची भरणी लागते. व्हिसाची मूळ मर्यादा सहा वर्षांची! सहा वर्षांनी परतणाऱ्याचे पैसे तेथेच राहतात. जर्मनी, बेल्जियम अशा अनेक देशांशी भारताने याबाबत करार केले आहेत. अमेरिकेशी असा करार भारत दीर्घकाळ मागत आला आहे, तो झालेला नाही. ही भीक नव्हे, घामाच्या पैशाचा न्याय आहे, आणि त्यासाठी जागृत लोकमत उभे राहिले पाहिजे.

खोट्या कागदाची किंमत

न्याय मागणाऱ्याचे हात मात्र स्वच्छ हवेत. २०२३ च्या मार्चमध्ये एच-१बीच्या नोंदण्या ७ लाख ८० हजारांच्या वर गेल्या. त्यांतील ४ लाखांहून अधिक नोंदण्या एकाच व्यक्तीसाठी अनेक मालकांनी केलेल्या होत्या. एखाद्या गुणी माणसाला खरोखरच दोन ठिकाणांहून बोलावणे येऊ शकते. पण अनेक ठिकाणी संगनमताने एकच नाव चार-चार कागदी कंपन्यांकडून घुसवले गेले, असा निष्कर्ष तेथील शासनाने काढला. पुढच्या वर्षी 'एक माणूस, एक संधी' असा नियम झाला आणि नोंदण्या ४ लाख ८० हजारांच्या आत आल्या. ध्यानात घ्या, इच्छुक माणसे दोन्ही वर्षी जवळजवळ तितकीच, म्हणजे साडेचार लाखांच्या आतबाहेर होती. फुगली होती ती रांग. आणि त्या फुगलेल्या रांगेत मागे ढकलला गेला तो बहुधा आपलाच, प्रामाणिकपणे एकदा नाव नोंदवून वाट पाहणारा तरुण.

खोट्या अनुभवपत्राचेही तसेच. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले, तर अमेरिकेत कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. पंचविसाव्या वर्षी दलालाच्या सल्ल्याने चिकटवलेले एक पान पंचेचाळिसाव्या वर्षी मुलाच्या पदवीदानाला जाण्याची वाटही अडवू शकते. त्याहून मोठे नुकसान समाजाचे होते. एकाच्या लबाडीने त्याच्या मागे येणाऱ्या दहांच्या खऱ्या कागदांकडे संशयाने पाहिले जाते. परदेशात गेलेला प्रत्येक भारतीय हा देशाचा अघोषित राजदूत असतो, असे आपण सभांतून म्हणतो. ते खरे असेल, तर त्याचे अधिकारपत्र खोटे असून कसे चालेल?

मग मुलांनी परदेशी जाऊच नये का? असे कोणीही म्हणणार नाही. ज्ञानासाठी, उद्योगासाठी समुद्र ओलांडणे हा पुरुषार्थच आहे आणि गेलेल्यांनी तेथे आपल्या कर्तृत्वाने मान मिळवला आहे. मात्र जाणाऱ्याने पूर्ण जाणतेपणाने जावे. येथील कार्यकर्त्यांनीही एक साधे काम अंगावर घ्यावे. वस्तीतील कोणी तरुण परदेशी नोकरीचे पत्र घेऊन आला, तर अभिनंदनाच्या पेढ्याआधी त्याच्याबरोबर बसून ते पत्र वाचावे. मालक कोण, कामाचे ठिकाण कोणते, वेतन किती, शुल्क कोण भरणार, अर्जात लिहिलेले सर्व खरे आहे का, हे पाच प्रश्न विचारावेत. जाण्यापूर्वी आई-वडिलांना, पत्नीला 'तात्पुरता' या शब्दाचा अर्थ समजावून द्यावा. आणि सहा वर्षांनी किंवा साठ दिवसांत कोणी परत आला, तर 'का परतलास?' या प्रश्नाने त्याला घायाळ न करता त्याचे ज्ञान येथे कामी कसे येईल ते पाहावे. परतणे हा पराभव नाही. शिकागो गाजवल्यानंतर स्वामीजीही १८९७ मध्ये मायदेशी परतलेच होते.

प्राध्यापक राइट यांनी पत्र लिहिले, तेव्हा त्यांनी पाहिलेले तेवढेच लिहिले आणि त्याबद्दल काही घेतले नाही. ज्याच्यासाठी लिहिले, त्याने त्यातला प्रत्येक शब्द खरा करून दाखवला. परदेशात जाणाऱ्या कागदाचा याहून चांगला नमुना दुसरा नाही. आपल्या घरातून निघणारा प्रत्येक अर्ज या कसोटीला उतरावा, एवढीच अपेक्षा.